पॉइंट सेव्हनची तार

ऑर्थोडॉन्टिक्स विभागात आलेल्या विद्यार्थ्याला मी पहिलं काम देते ते तार सरळ करण्याचं. वेटोळ्यातून कापलेला स्टेनलेस स्टीलचा तुकडा आणि पक्कड, बाकी काही नाही. टेबलावर ठेवलेल्या तारेखालून उजेड दिसता कामा नये. पोरं वैतागतात. “मॅडम, सरळ तार विकत मिळते की!” मिळते.

मग त्रिकोण, चौकोन, आणि शेवटी ॲडम्स क्लास्प, म्हणजे दाढेला धरून प्लेट तोंडात टिकवणारी कडी. दाढेसाठी तार ०.७ मिलिमीटर जाडीची. सगळे तिला ‘पॉइंट सेव्हन’च म्हणतात. क्लास्पचे दोन बाण दाढेच्या गालाकडच्या बाजूला, हिरडीलगतच्या खोबणींत बसावे लागतात. ते करतानाच तार तुटते.

का तुटते, हे सांगायला मला आवडतं. ही तार ओतीव नसते. थंड असतानाच एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढलेली असते. त्या ओढाताणीत धातूचे कण लांबट होतात, तारेला ताठपणा आणि उसळी येते. आपण दिलेला प्रत्येक बाक तीच ओढाताण पुढे नेतो. चुकलेला बाक उलटवला की तार दिसायला पूर्ववत होते, आतून होत नाही. तापवून मऊ करावी, तर उसळी जाते. शिवाय क्रोमियम कार्बनशी जुळून बसतं आणि गंजापासून राखणारा थर दुबळा होतो. सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. घरातल्या चांगल्या स्टीलच्या डब्यांचं आणि हिचं गोत्र एकच.

निकेल-टायटॅनियमची गोष्ट वेगळी. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतला हा मिश्रधातू १९७० च्या दशकात आमच्याकडे आला. कितीही वाकवा, मूळ आकारात परततो. वेड्यावाकड्या दातांवर सुरुवातीला मीही तोच वापरते. पण त्याची क्लास्प होत नाही. तो हाताचं ऐकतच नाही.

तारेचे तास कमी करावेत, असा विषय आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी निघतो. अलाइनरच्या काळात पोरांना लोहारकाम कशाला? म्हणणाऱ्यांचं अगदीच चुकतं असं नाही. पण अलाइनर परवडणारे आमच्या ओपीडीत क्वचितच येतात.

गेल्या महिन्यात नऊ वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर दोन बस बदलून आला. बोलताना प्लेट खाली पडायची, म्हणून त्याने वर्गात बोलणंच सोडलं होतं. तंत्रज्ञ रजेवर. इंटर्न मुलीने प्लेट उजेडात धरली आणि विचारलं, “ही याआधी किती वेळा घट्ट केलीय?”

“दोनदा,” वडील म्हणाले.

तार प्लेटमधून बाहेर निघते तिथे पक्कडीचे जुने वळ दिसत होते. ती जागा सोडून तिने बाणाशी पक्कड लावली आणि एकदाच, हलकेच, बाण आत दाबला. प्लेट टक्‌कन बसली.

“हं, बोल आता,” वडील म्हणाले. पोराने आधी जिभेने प्लेट ढकलून पाहिली.