हाफबॅक

माझा थोरला भाऊ हाफबॅक होता, असे मी हल्लीच्या मुलांना सांगितले की ती ‘म्हणजे काय?’ असे विचारतात. आता त्या जागेला मिडफिल्डर म्हणतात. नाव बदलले तरी काम तेच आहे. पुढच्यांनी गोल करायचे, मागच्यांनी गोल वाचवायचे, आणि मधल्याने दोन्हीकडे धावून दोन्हींचे श्रेय घ्यायचे नाही. एकत्र कुटुंबातल्या मधल्या सुनेशी त्याची तुलना करावी असे मला पुष्कळदा वाटते. पण आमच्या घरातली मधली सून म्हणजे माझीच पत्नी असल्यामुळे हा विषय मी इथेच सोडतो.

आम्ही वर्ध्याचे. सेवाग्रामामुळे आमच्या गावाचे नाव जगाला ठाऊक झाले खरे, पण खेळासाठी वर्ध्याचे नाव कुणी घेतल्याचे मला स्मरत नाही. फुटबॉल आम्ही पावसाळ्यात खेळत असू. आमच्याकडची माती काळी, कपाशीची. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि त्यांत पाय मुरगळतो. पावसाळ्यात तीच माती इतकी लळा लावते की पाच मिनिटांत पायागणिक शेरभर चिखल घेऊन धावावे लागते. फुटबॉल चामड्याचा, नाडी बांधायचा. तो पाणी पिऊन असा जड होई की डोक्याने मारला तर नाडीचा वळ दोन दिवस कपाळावर राही. आई तो वळ पाहून दादाला विचारी, “गंध कुठे लावून घेतलंस?”

अशा मैदानावर दादा तासभर न थांबता धावे. पुलगावच्या डेपोतले जवान कधीमधी सामना खेळायला येत. ते बूट घातलेले धिप्पाड गडी, आणि आमची मुले बहुतेक अनवाणी! निकाल काय लागत असेल ते वाचकांनी ओळखावे. पण मैदानाची राखण करणारा एक म्हातारा होता, तो सामना संपल्यावर मला हटकून सांगायचा, “तुया भाऊ गोल काई मारत नाई, पन तो नसला त बाकीच्या पोट्ट्याईले बॉलच भेटत नाई.” दादाच्या खेळाची याहून चांगली पारख पुढे कुणी केली नाही.

१९६२ साली मी तेरा वर्षांचा होतो आणि दादा एकोणीस वर्षांचा. त्या वर्षी ४ सप्टेंबरला जकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला दोन विरुद्ध एक असे हरवून फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. शेजाऱ्यांच्या रेडिओवर ती बातमी ऐकून दादा ओट्यावरून खाली उडी मारून रस्त्यावर धावत गेला आणि कुणाला सांगावे हे न कळून परत आला. सविस्तर हकिकत आम्हाला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळली. याच कोरियाकडून पहिल्या सामन्यात आपण दोन शून्य असे हरलो होतो. इस्राएल आणि तैवान यांना स्पर्धेबाहेर ठेवल्याबद्दल आपले गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतल्यामुळे तिथले प्रेक्षक चिडले होते, आणि लाखभर माणसे आपल्या खेळाडूंची हुर्यो उडवीत होती. जर्नेलसिंग हा मूळचा बचाव फळीतला. डोक्याला टाके पडलेले असताना त्याला आघाडीवर उभे केले आणि त्याने गोल केला. दुसरा गोल प्रदीपकुमार बॅनर्जींचा. कर्णधार चुनी गोस्वामी. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांना कर्करोगाने ग्रासले होते. पुढच्या जूनमध्ये ते गेले.

ही नावे सर्वांना ठाऊक झाली. दादा मात्र वर्तमानपत्रात छापलेल्या संघाच्या यादीवर बोट फिरवीत दुसऱ्याच नावापाशी थांबला होता. ते नाव होते फ्रँको. फोर्तुनातो फ्रँको, हाफबॅक.

रहीमसाहेबांनी संघाची मांडणी चार, दोन, चार अशी केली होती. मागे चार, पुढे चार, आणि मधल्या सगळ्या मुलखात फक्त दोन माणसे! त्या दोघांपैकी एक प्रशांत सिन्हा आणि दुसरा फ्रँको. दादाने मला चुलीजवळ बसवून, वाटाण्याचे दाणे मांडून हे समजावून दिले होते. “हे दोघं थांबले की संपलं,” असे म्हणून त्याने मधले दोन दाणे उचलले. आणि खरोखरच उरलेल्या आठ दाण्यांचा एकमेकांशी काही संबंध राहिलेला दिसेना.

फ्रँको गोव्यातल्या कोलवाळचे. लहानपणीच मुंबईला आलेले. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी ते भारताच्या संघात निवडले गेले (तिथे त्यांना प्रत्यक्ष खेळायला मिळाले नाही) तेव्हा त्यांचे गाव पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१ मध्ये, आणि नऊ महिन्यांच्या आत हा गोवेकर भारतासाठी सुवर्णपदक जिंकून आला. मला या गोष्टीचे आजही नवल वाटते. दादाला त्याचे काही नव्हते. त्याला नवल वाटे ते फ्रँको टाटा कंपनीच्या संघातून खेळत आणि कंपनीत नोकरी करीत, याचे.

हे नवल समजण्यासाठी तो काळ थोडा सांगायला हवा. आपल्याकडचे सगळे फुटबॉलपटू तेव्हा कागदोपत्री हौशी होते. खेळाचा पगार नसे. पगार नोकरीचा असे आणि नोकरी खेळामुळे मिळे. प्रदीपकुमार रेल्वेत, चुनी गोस्वामी स्टेट बँकेत. मुंबईत टाटा, कालटेक्स, मफतलाल, रेल्वे असे संघ होते. सकाळी सराव, मग कचेरी, संध्याकाळी कूपरेजवर सामना. म्हणजे धावून पोट भरता येते, असा त्याचा अर्थ दादाने काढला. १९६३ च्या जूनमध्ये तो मामांकडे मुंबईला गेला, कूपरेजवर टाटांचा एक सामना पाहून आला, आणि आठ दिवस त्याने जेवताना दुसरे काही बोललेच नाही. फ्रँकोंकडे चेंडू येण्याच्या आधीच तो कुठे पाठवायचा हे त्यांचे ठरलेले असते, असे तो म्हणे. “मान आधी वळते, पाय मागून वळतो.” त्यानंतर तो रस्त्याने चालतानाही सारखी मान वळवू लागला. आईला वाटले मुंबईचे वारे बाधले.

जुलैत त्याने मुंबईच्या एका कंपनीला अर्ज पाठवला. कंपनीचे नाव इथे सांगत नाही. अर्जाची गोष्ट फक्त मला ठाऊक होती, कारण टपालाचे तिकीट आणायला मी गेलो होतो.

उत्तर आले ते पोळ्याच्या आदल्या दिवशी. दादा कॉलेजात होता. मी दारातच होतो; तान्ह्या पोळ्यासाठी धाकट्याच्या लाकडी बैलाला रंग देत होतो. पोस्टमनने पाकीट माझ्या हातात दिले. वर दादाचे नाव टाइप केलेले होते. आमच्या घरी टाइप केलेले पाकीट कधी आले नव्हते, त्यामुळे मी ते धावत आत नेऊन अण्णांना दिले. त्या दिवशी अण्णा तापामुळे कचेरीत गेले नव्हते. नाहीतर ते पाकीट दादालाच मिळाले असते, हा विचार मी बासष्ट वर्षे करीत आलो आहे.

अण्णांनी पत्र दोनदा वाचले. ते इंग्रजीत होते. चाचणीसाठी मुंबईस यावे, निवड झाल्यास हंगामापुरती नोकरी मिळेल, असा मजकूर होता. अण्णा जिल्हा कचेरीत कारकून. निवृत्तीला तीन वर्षे उरलेली, दोन बहिणी लग्नाच्या. त्यांनी चष्मा काढला आणि मलाच विचारावे तसे विचारले, “आणि हंगाम संपल्यावर?” मग पत्राची घडी करून ते आत गेले, आणि जाताना म्हणाले, “त्याला काही सांगू नकोस.”

मी सांगितले नाही. दादा रोज संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवताना विचारायचा, “टपाल आलं होतं का रे?” आणि मी ‘नाही’ म्हणायचो. पहिल्या दिवशी तोंड कोरडे पडले. आठव्या दिवसापासून काही वाटेनासे झाले, याची मला अधिक शरम वाटते. दिवाळीनंतर त्याने विचारणे सोडले. त्याच हंगामात महाराष्ट्राने, महाराष्ट्र या नावाने पहिल्यांदा, संतोष करंडक जिंकला. त्या संघात फ्रँको होते. ती बातमी दादाने वाचून दाखवली नाही. पदवी घेऊन तो एका बँकेत लागला, तिथेच चढत गेला, व्यवस्थापक होऊन निवृत्त झाला. बहिणींची लग्ने त्यानेच केली. चाळिशीपर्यंत रविवारी पोरांत खेळत असे. मधल्याच जागेवर.

फ्रँकोंचे पुढे काय झाले? १९६४ च्या आशिया चषकात भारत दुसरा आला, तेव्हाही ते संघात होते. पण १९६६ च्या सुमारास, तिशीही गाठली नसताना, गुडघ्याने दगा दिला आणि खेळ थांबला. त्यांची टाटांची नोकरी मात्र चालू राहिली. सुवर्णपदक मिळवलेला माणूस तुमच्याआमच्यासारखा कचेरीत जाऊन निवृत्त झाला. अण्णांचा प्रश्न अगदीच खुळचट नव्हता, आणि त्याचे उत्तरही मुंबईत होते. ते दोघे एकमेकांना भेटले नाहीत इतकेच.

अण्णा १९८१ मध्ये गेले. त्यांची ट्रंक मी एकट्याने उपसली. विम्याच्या पावत्या, घरपट्टी, आमच्या सर्वांच्या पत्रिका, दादाच्या पहिल्या पगाराची चिठ्ठीसुद्धा होती. ते पत्र नव्हते.

१० मे २०२१ रोजी फ्रँको गोव्यात वारले. वय चौऱ्याऐंशी. करोनाचे दिवस, गाव बंद. वर्षभरापूर्वी बॅनर्जी आणि गोस्वामी गेले होते. आम्ही दोघे भाऊ ओसरीच्या दोन टोकांना तोंडावर फडकी बांधून बसलो होतो आणि पुतण्याने मोबाइलवरून बातमी वाचून दाखवली. दादा बराच वेळ काही बोलला नाही. पुतण्या आत गेल्यावर मी म्हणालो,

“दादा, तुला तेव्हा पत्र आलं होतं.”

“कसलं?”

“मुंबईचं. तू अर्ज केला होतास त्याचं.”

त्याने माझ्याकडे मान वळवली. “कधी बोलावलं होतं?”

“तारीख आठवत नाही.”

“सकाळी की संध्याकाळी?”

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. अण्णा काय म्हणाले, ते मी सांगितले. तो हसला. “अण्णांचं काही चुकलं नाही. माझा डावा पाय कच्चाच होता,” असे म्हणून त्याने काठी घेतली आणि आत गेला. त्यानंतर दोन दिवस तो चहाला ओसरीवर आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि विचारू लागला, “तारीख नीट आठवून बघ. पोळ्याच्या किती दिवसांनंतरची होती?”

दादाचा नातू पंधरा वर्षांचा आहे. तोही मधल्या जागेवर खेळतो आणि त्याचे दोन्ही पाय चांगले आहेत. २०२५ च्या पावसाळ्यात पुण्याजवळच्या एका निवासी अकादमीने त्याला बोलावले. घरात खल सुरू झाला. पुतण्याने वर्तमानपत्रच पुढे टाकले. त्या ऑगस्टात देशातल्या सर्वांत मोठ्या लीगचा हंगाम करारांच्या घोळात अडकून पडला होता आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले होते. कंपन्यांचे ते जुने संघही उरलेले नाहीत. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेडसुद्धा २०१० साली बंद झाला. “बँकेत तरी घेत होते तेव्हा,” पुतण्या म्हणाला. “आता लीगच नसली तर हा करणार काय?” नातवाने कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे नाव काढले: रिक्षावाल्याचा मुलगा, २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला. पुतण्या म्हणाला, “एक नाव सांगितलंस. बाकीच्यांची सांग.”

मला पुतण्याच्या तोंडून अण्णा बोलताहेत असेच वाटत होते, आणि खरे सांगायचे तर त्यांचे म्हणणे मला पटतही होते. मी दादाकडे पाहिले. तो काही बोलला नाही. संध्याकाळी त्याने मला हाक मारली आणि अकादमीचे ते मोबाइलवर आलेले पत्र छापून आणायला सांगितले. मी चौकातल्या दुकानातून आणले. दादाने चष्मा लावून तारीख आणि वेळ दोनदा वाचली, कागदाची घडी घातली, जुन्या दप्तरातले एक लांब पाकीट काढले, त्यावर थरथरत्या अक्षरात नातवाचे पूर्ण नाव लिहिले, आणि काठी टेकीत, मला बरोबर येऊ न देता, मागच्या खोलीत जाऊन ते त्याच्या हातात दिले.

“आबा, हे मी कालच वाचलंय,” नातू म्हणाला.

“असू दे,” दादा म्हणाला. “पुन्हा वाच.”