काकूंच्या वाड्यातला मुक्काम

ज्या गावात एके काळी आपले घर होते, त्याच गावी दुसऱ्याच्या घरी पैसे भरून उतरायचे म्हणजे जरा अवघडच काम. यंदाच्या माघात मी ते केले. गाव वाई.

स्वारगेटला एस. टी. धरली, खंबाटकीचा घाट ओलांडला आणि सुरूरच्या फाट्यावर गाडी वळली तशी छातीत उगीचच धडधड झाली. वाईत उतरायला लॉज आहेत, पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेले तर हॉटेलांना तोटा नाही. पण एका स्नेह्याने ब्राह्मणशाहीतला एक जुना वाडा सुचवला होता. राहायला माडीवरची खोली आणि सकाळी चहा-नाश्ता. जेवण हवे तर आदल्या दिवशी सांगायचे.

दिंडीतून वाकून आत शिरावे लागते. मी वाकलो, पण पुरेसा नाही. कपाळ चोळत उभा राहिलो तेव्हा ओसरीवरून आवाज आला, "लागलं ना? बसा. सगळ्यांनाच लागतं."

या काकू. वय पंच्याहत्तरीपुढचे, आवाज पंचविशीचा. त्यांनी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि पाठोपाठ वही. नाव, वय, पत्ता, मूळ गाव. शेवटच्या रकान्यापाशी माझे पेन थबकले. मग मी लिहिले, 'पुणे'.

माडीचा जिना इतका उभा की दोराला धरूनच चढायचे. वरच्या टोकाला आडवे दार, पूर्वी रात्री ते पाडून जिना बंद करीत. खोलीत दोन कोनाडे, खुंट्या, मधोमध जाड तुळई, आणि काळी पडलेली एक पितळी समई. टीव्ही नाही. वहीत एका पाहुण्याने तसे लिहूनही ठेवले आहे : 'टीव्ही नाही, बाकी उत्तम.' त्याखाली दुसऱ्याने लिहिले आहे : 'म्हणूनच उत्तम.'

रात्री लाकूड कुरकुरले, माळ्यावर उंदरांची लगबग झाली. घाटावर कृष्णाबाईचा उत्सव चालू होता. वाईच्या सात घाटांवर हा उत्सव पाळीपाळीने होतो. झांजांचा आवाज नदीवरून येत राहिला आणि मला लहानपणीची झोप लागली.

सकाळी बंबाचे पाणी, धुराचा वास असलेले. ते अंगावर घेतल्यावर गिझरची आठवण कुणाला येईल? पण मुंबईहून आलेल्या एका तरुण जोडप्याला ती आली. काकू म्हणाल्या, "गिझरही आहे हो, पण बटण दाबल्यावर दिवे जातात." मग तेही बंबाकडे वळले. नाश्त्याला थालीपीठ, लोण्याचा गोळा आणि ओल्या हळदीचे लोणचे. हळदीने बोटे पिवळी झालेली पाहून ते जोडपे हसत सुटले.

त्यांना मेणवलीला जायचे होते, कारण २००४ च्या 'स्वदेस' चित्रपटात ते गाव दिसले होते. मी त्यांना नाना फडणविसांच्या वाड्याबद्दल आणि घाटावरच्या घंटेबद्दल सांगितले. घंटेवर १७०७ साल आहे, मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तिथून ती आली असे सांगतात. माझी बडबड ऐकून काकू माझ्याकडे बारीक डोळे करून पाहत होत्या.

ती मंडळी गेल्यावर मी ढोल्या गणपतीला गेलो. हे देऊळ रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधले. मागची भिंत माशाच्या आकाराची, म्हणजे पुराचे पाणी तिच्यावर आपटून दुभंगावे. लहानपणी आजोबांनी मला तिथे उभे करून हे समजावले होते. नंतर मी गणपती आळीतून चाललो आणि जिथे आमचा वाडा होता तिथे थांबलो. आता तिथे चार मजली इमारत आहे. खाली मोबाइलचे दुकान. परसातल्या जांभळाची जागा मी पावलांनी मोजून पाहिली. तिथे मोटारी लावतात.

संध्याकाळी काकू एक कागद घेऊन ओसरीवर आल्या.

"तुम्ही शिकलेले दिसता, जरा वाचून सांगा."

वाड्याचे नऊ वाटेकरी होते. आठांच्या सह्या झाल्या होत्या, नववी जागा कोरी होती.

"काय करू हो? पुतणे वाईट नाहीत. त्यांनाही मुलांची शिक्षणं आहेत. आणि मी किती दिवसांची?"

आता गप्प बसणे म्हणजे लबाडी झाली असती. मी म्हणालो, "काकू, सल्ला द्यायचा अधिकार मला नाही. १९९४ साली अशाच एका कागदावर मी सही केली आहे. बारा वाटेकऱ्यांत माझी सातवी. माझ्या वाट्याची स्कूटर आली. ती नऊ वर्षे चालली. वाडा दीडशे वर्षे उभा होता."

"कुठल्या गावचा?"

"इथलाच. गणपती आळीतला."

काकू क्षणभर थांबल्या. "परसात जांभूळ होतं, तो?"

मी मान हलवली.

"अरे, मग तू त्या घरचा! नवी सून होते तेव्हा तुमच्याकडे हळदीकुंकवाला यायची मी. तुझ्या आजीनं ओटीत जांभळं घातली होती, माझी साडी रंगली." आणि मग, अगदी सहज, "मूळ गाव पुणे काय लिहितोस रे?"

काल 'तुम्ही' होतो, आज 'तू' झालो. रात्रीचे जेवण न सांगताच वाढले गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाकीट काढले, पण पैसे कसे पुढे करावे ते कळेना. घरच्या माणसाने बिल द्यायचे का? काकूंनीच हात पुढे केला.

"दे, पुरते दे. तू घरचा म्हणून सोडले, उद्या आणखी कुणी घरचा म्हणून सोडला, तर पावसाआधी कौलं कोण शाकारून देणार? गेल्या वर्षीची शाकारणी पाहुण्यांच्याच पैशांतून झाली. तुळई बदलायची आहे अजून."

मी नोटा मोजून दिल्या. घर गमावून मला जेवढे पैसे मिळाले होते त्यापुढे ही रक्कम काहीच नव्हती. पण एखादे घर उभे राहावे म्हणून मी आयुष्यात प्रथमच काही दिले.

नंतर वही मागितली, 'पुणे' खोडले आणि 'वाई' लिहिले. काकूंच्या त्या कागदावरची नववी जागा मी निघेपर्यंत कोरीच होती. तो कागद समईखाली, कोनाड्यात ठेवला होता.

वाचकहो, अशा एखाद्या वाड्यात उतरायचा योग आलाच, तर दिंडीत नीट वाका. आणि पैसे देताना घासाघीस करू नका.