पगारातले दोनशे रुपये

संपादकांनी फोनवर दोन अटी घातल्या. आकडे कमी हवेत आणि भाषा सोपी हवी. ‘ऋण काढून सण’ हे शीर्षकही त्यांनीच सुचवलं. पहिली अट मला पाळता आलेली नाही, हे आधीच कबूल करतो. शीर्षक नाकारलं, त्याचं कारण पुढे येईल.

लिहायला होकार दिला तो मात्र एका बाईंमुळे. गेल्या एप्रिलमध्ये तासगाव तालुक्यातल्या एका गावी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत राज्यावरच्या कर्जाविषयी बोललो. शेवटी मागच्या रांगेतून द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या एक बाई उठल्या. “साहेब, आमच्या दीड हजारानंच राज्य बुडाया लागलंय व्हय?” लाडकी बहीण योजनेतून मिळणाऱ्या पैशांविषयी त्या विचारत होत्या. लोक हसले. मी महसुली तूट, राजकोषीय तूट असं बरंच काही सांगत राहिलो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या खाली बसल्या. त्यांना उत्तर मिळालेलं नाही, हे मला तिथेच कळलं होतं.

आधी त्या म्हणीचं. ऋण काढून सण करू नये, अंथरूण पाहून पाय पसरावे, हे घरासाठी ठीक आहे. घरच्या कर्त्याला शेजाऱ्यांवर कर बसवता येत नाही, सरकारला येतो. कर्त्याला कधीतरी निवृत्त व्हावं लागतं. सरकार होत नाही, म्हणून ते जुनं कर्ज नवं काढून फेडत राहतं, आणि जगातली बहुतेक सरकारं हेच करतात. तरी अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी मथळा ठरलेला: ‘जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या डोक्यावर सत्तर हजारांचं कर्ज!’ या भागाकारानं माझं डोकं फिरतं. २०२५-२६ अखेर राज्यावरचं कर्ज ९.३२ लाख कोटी रुपये होईल, असा त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाचा अंदाज होता. त्याला लोकसंख्येनं भागलं की सत्तर हजारांच्या वर आकडा येतो, खरं आहे. पण राज्याचं वर्षाचं स्थूल उत्पन्न ४९ लाख कोटींच्या पुढे धरलं होतं, ते का नाही कुणी बाळाच्या नावे भागत? कर्ज या उत्पन्नाच्या १८.८७ टक्के होतं. राज्यानं स्वतःला आखून घेतलेली रेषा २५ टक्क्यांची. शिवाय हे कर्ज देतं कोण? रिझर्व्ह बँक बहुधा दर मंगळवारी राज्यांच्या रोख्यांचा लिलाव करते. घेणाऱ्यांत बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी. म्हणजे बाळाच्या आजोबांची पॉलिसी आणि वडिलांचा पीएफ याच कर्जात गुंतलेला असतो. मग बाळ ऋणको की सावकार? हे सगळं मी एका वर्तमानपत्राला पत्रानं कळवलं होतं. छापलं नाही.

मग काळजीचं कारणच नाही? आहे, पण ते दुसरीकडे आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची धरली होती. म्हणजे रोजचा खर्च रोजच्या मिळकतीत भागत नाही, वाणसामानासाठीही उसनवारी चालली आहे. (बघा, म्हणींना नावं ठेवणारा मीही घरावरच आलो.) पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच निम्म्याहून अधिक महसूल जातो. त्यातलं व्याज हा ‘भारित’ खर्च. विधानसभेनं त्यावर चर्चा करावी, मतदान करता येत नाही. जे उरतं त्यातून दवाखाना, शाळा, पाटबंधारे आणि लोकप्रिय योजना.

यातलं आधी काय, हे अर्थमंत्र्यांच्या भाषणात ठरतं, असा लोकांचा समज आहे. पण तरतूद म्हणजे पैसे नव्हेत. पैसे वर्षभरात सुटतात, किंवा सुटत नाहीत. ४ मे २०२० च्या शासन निर्णयानं विकासाच्या योजनांना तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल असं ठरलं. तेव्हा करोना होता, कुणी फारसं बोललं नाही. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला, तेव्हा खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. मला नवल वाटलं नाही. एका वसतिगृहाच्या दुरुस्तीची नस्ती सलग तीन वर्षं माझ्या सरकारी टेबलावरून परत गेली आहे. तरतूद होती. ‘निधी उपलब्धतेनुसार पुढील वर्षी विचार करता येईल,’ हे वाक्य माझ्याच अक्षरात आहे.

आता बाईंचा प्रश्न. लाडकी बहीण योजनेला २०२५-२६ मध्ये ३६,००० कोटी ठेवले होते. ते सगळे वगळले तरी ९,८९१ कोटींची तूट उरतेच. तेव्हा ताई, खड्डा तुमच्यामुळे बराच वाढला, पण तुम्ही नसतात तरी तो असताच. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, खर्च सुमारे ५५,००० कोटी. त्यानं राज्य बुडेल का, असं व्याख्यानमालेत मला कुणी विचारलेलं नाही. रस्ता मागे राहतो, टोल येतो, हा फरक मी मानतो. पण त्याचं कर्ज महामंडळाच्या नावावर असतं, म्हणून ते डोळ्यांवर येत नाही, हेही आहेच. ही युक्ती जुनी. कृष्णेचं आपल्या वाट्याचं पाणी २००० सालापर्यंत अडवायचं म्हणून १९९६ मध्ये कृष्णा खोरे महामंडळ काढलं, रोखे विकले, हमी राज्याची. बाई ज्या बागेत मजुरीला जातात, तिथलं पाणीही बहुधा कर्जाचंच आहे.

पण त्या दिवशी सांगायला हवं होतं ते हेही नव्हे. ज्या तालुक्यात मी उभा होतो, तो वि. स. पाग्यांचा. रोजगार हमीची कल्पना त्यांची. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये कायदा झाला. मला त्याहून मोठी वाटते ती १९७५ ची गोष्ट. हमीसाठी पैसे हवेत म्हणून व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापायचं, सरकारनं आपली भर घालायची आणि गावातल्या मजुराला काम द्यायचं. देणार काय आणि आणणार कुठून, दोन्ही एकदम सांगितलं होतं. जून २०२४ मध्ये दीड हजारांची घोषणा झाली, निवडणुकीत एकवीसशेंचा शब्द दिला गेला. कुठून आणणार, ते कुणीच सांगितलं नाही. बाईंच्या पैशांवर माझा आक्षेप नाही. नियमानं येणाऱ्या दीड हजारांनी घरात बाईच्या शब्दाला वजन येतं, हे मी पाहिलंय. माझी तक्रार आम्हा पगारदारांबद्दल आहे. आमच्याकडे मागायची हिंमत कुणी केली नाही, आणि आम्ही मात्र ‘फुकट वाटतात’ म्हणून दिवाणखान्यात बसून कुरकुरतो.

अर्थात मी ज्याचे गोडवे गातो त्या कराचंही पुढे काय झालं? २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला, मजुरीचा मोठा भार दिल्लीकडे गेला. कर तेवढा राहिला. आज तो भरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की तो कुणासाठी सुरू झाला होता? वर्षाला कमाल अडीच हजार रुपये, ही मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीनं घातली. ती अजून तेवढीच आहे.

जमलं तर पगाराची चिठ्ठी काढून बघा. दरमहा दोनशे रुपये कापलेले दिसतील. फेब्रुवारीत तीनशे.