झारा नंतर, आधी वही

बसवनगुडी, बेंगळुरू
कार्तिक, परिषेचा आठवडा

चि. सोनूस,


फोनवर काही सांगायला लागलं की तू 'हो मावशी, हो मावशी' करत पुढे पळतेस, म्हणून हे पत्र. दिवाळीत तुझ्या इलेक्ट्रॉनिक सिटीच्या सोसायटीत भाजणीच्या चकल्या दोन दिवसांत फस्त झाल्या, शेजारणींनी पैसे पुढे केले आणि तू नोकरी सोडायच्या गोष्टी करू लागलीस. वर विचारतेस, "धंद्यासाठी कोर्स कोणता करू?"

कोर्स सांगते, पण आधी माझी फजिती ऐक.

मीही अशाच कौतुकावर सुरुवात केली होती. एका लग्नघरची दहा किलोंची ऑर्डर आली. घरी अर्धा किलो करायची सवय, तरी सगळं पीठ एकदमच भिजवलं. पहिले घाणे खुसखुशीत निघाले. मग पीठ सैल पडत गेलं आणि शेवटचे घाणे नुसते तेल प्यायले. उशीर झाला म्हणून कोमट चकल्याच पिशव्यांत भरल्या. आतल्या वाफेने सकाळपर्यंत सगळ्या सादळल्या, आणि पैसे परत करावे लागले. माझा हात चांगला होता गं, पण तो अर्ध्या किलोचा हात होता. तेव्हापासून मी पीठ किलो-किलोने भिजवते, मोहन तराजूवर तोलते आणि चकली पुरती गार झाल्याशिवाय पिशवीला हात लावत नाही. आजी सगळं अंदाजाने करायची. तिचं गिऱ्हाईक घरातलंच होतं, चुकलं तर चहात बुडवून खायचं.

दुसरी फजिती हिशेबाची. ती वहीतूनच उतरवून देते. किलोभर चकलीला धान्य, तेल, तीळ मिळून १४० रुपये. गॅस २५. पिशवी आणि लेबल १५. पोचवायला ४०. झाले २२०. ३०० ला विकून मी ८० रुपये कमावते, असं मी वर्षभर समजत होते. मग एका दुकानदाराने माल ठेवायची तयारी दाखवली आणि पाव हिस्सा मागितला, म्हणजे ७५. राहिले ५ रुपये. त्या पाचात माझी अख्खी दुपार, मोडलेल्या चकल्या आणि न खपता परत आलेला माल. म्हणून तुझी मजुरी पहिल्या दिवसापासून खर्चात लिही. भाव ती धरून ठरव. परवडत नसेल तर ते वहीत आधी कळू दे, बँकेत नंतर नको.

तिसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. इथली चक्कुली तांदळाच्या पिठाची, फिकट. आपली भाजणीची चकली काळपट दिसते. पहिल्यांदा एका बाईंनी मला विचारलं होतं, "जळली का हो?" रागच आला. मग लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले. मुंबईत चित्रकला शिकायला गेले, तर रंगांधळेपण आडवं आलं. मग यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि तेच शिकवू लागले. बेळगावात सायकलींचं दुकान काढलं तेव्हा सायकल विकायची आणि ती चालवायलाही शिकवायची, अशी रीत होती. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात. माल चांगला होता, पण गिऱ्हाइकाला तो पटायला वर्षं गेली. त्यांच्याच मुलाने, रवी किर्लोस्करांनी, १९४६ साली इथे बेंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक उभी केली. त्या घरातला नांगरसुद्धा आधी खपला नाही, तर आपल्या चकलीने रुसून कसं चालेल? मी माझ्या दुकानाच्या काउंटरवर एका ताटलीत तुकडे ठेवले आणि भाजणीत काय काय भाजलेलं असतं ते कन्नडमध्ये सांगायला शिकले. तेवढी आठ वाक्यं तूही शीक. कुठल्या कोर्सात ती मिळणार नाहीत.

आता कोर्स. हेब्बाळच्या कृषी विद्यापीठात बेकरीचं शिक्षण मिळतं. म्हैसूरच्या सीएफटीआरआयमध्ये खाद्यपदार्थांवरचे छोटे वर्ग असतात. माल किती दिवस टिकतो, खवट का होतो, हे तिथे शास्त्राने कळतं. नेलमंगलजवळ रुडसेटी आहे. १९८२ साली उजिरेला सुरू झालेली ही संस्था राहण्याजेवणासकट फुकट शिकवते. बायकांसाठी १९८३ पासूनची 'अवेक' संस्था आहे, तिथे धंदा करणाऱ्या बायकाच नव्या बायकांना वाट दाखवतात. यातलं एक तरी कर.

पण त्याही आधी सहा महिने कुणाच्या तरी दुकानात उभी राहा. या शहरात गल्लोगल्ली अय्यंगार बेकऱ्या आहेत ना, त्यांचं मूळ चिकपेटेतल्या बी.बी. बेकरीकडे जातं, १८९८ च्या सुमाराचं. तिरुमलाचार हे तिचे मालक होते. पाव भाजणं ते एका इंग्रजाकडून शिकले, असं सांगतात. पुढे हासनकडची कितीतरी पोरं या शहरात आली, नात्यागोत्यातल्या कुणाच्या बेकरीत राबली, भट्टीशेजारीच झोपली आणि मग आपली पाटी लावली. मैदा कुठून घ्यायचा, उधारी कुणाला द्यायची, संध्याकाळी उरलेल्या पावाचं काय करायचं, हे त्यांना दुसऱ्याच्या गल्ल्यावर कळलेलं होतं. आपल्याला ते स्वतःच्या पैशावर कळतं, आणि महाग पडतं. आमच्या गांधी बाजारातली सुब्बम्मांची अंगडी तू पाहिली आहेस, काँग्रेस शेंगा घेतो ती. ते दुकान १९४८ चं, आणि त्याचं मूळ सुब्बम्मांनी घरी केलेल्या पापडांत आहे. आधी पापड खपले, मग दुकान झालं. तू मात्र आधी लोगो करून घेतलास.

कागदपत्रांना भिऊ नकोस. उद्यम नोंदणी आधारवर होते आणि फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नकोस. खाण्याचा माल म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी हवीच. आणि धंद्याचं खातं वेगळं ठेव. २०२५ च्या जुलैत इथल्या हजारो छोट्या दुकानदारांना कर खात्याच्या नोटिसा आल्या, कारण यूपीआयवर जमलेल्या रकमेवरून त्यांची उलाढाल धरली गेली. जीएसटी नोंदणीसाठी मालाच्या विक्रीला वर्षाची मर्यादा ४० लाख, सेवेला २०. कुणीकुणी क्यूआर कोड उतरवून 'फक्त रोख' अशी पाटी लावली. पुढे सरकारने जुनी वसुली सोडली. पण आमच्या गल्लीतल्या एकाची दोन रात्री झोप उडाली होती, कारण विक्री, मेव्हण्याचं उसनं आणि भिशीचे पैसे सगळे एकाच खात्यात. कोणता रुपया धंद्याचा, ते त्यालाच सांगता येईना.

काल बुल टेंपल रोडवर कडलेकाई परिषेला, म्हणजे शेंगांच्या जत्रेला, जाऊन आले. एका शेंगावाल्याने माप भरलं आणि वर मूठभर शेंगा टाकल्या. त्या मुठीला इथे 'कोसरु' म्हणतात. मी म्हटलं, "अप्पा, अशा मुठी सगळ्यांना दिल्यात तर उरेल काय?" तो हसला. म्हणाला, "अम्मा, ती मूठ धरूनच भाव सांगितलाय."

शनिवारी सकाळी ये. महिनाभर तुला झारा देणार नाही. माझ्या काउंटरमागे उभं राहायचं, कोण काय विचारतं आणि काय न घेता जातं ते लिहायचं. वही तुझी तू आण. नोकरीचं महिना संपल्यावर बोलू.

तुझी,
मावशी

ता. क. दिवाळीच्या चकल्यांचे पैसे शेजारणींकडून घेतलेस की नाही, ते लिहिलं नाहीस. पहिलं पान तिथूनच सुरू कर.