तिघे की एकच?

लीळाचरित्राच्या अभ्यासकाला एक प्रश्न पहिल्या दिवसापासून सतावतो. ही लीळा कोणी पाहिली, कोणी कोणास सांगितली आणि ती म्हाइंभटांपर्यंत कोणाच्या तोंडून आली? श्रीचक्रधरांना ज्यांनी पाहिले होते त्यांना गाठून म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस ऋद्धपूर येथे ग्रंथ सिद्ध झाला. पुढे मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली व ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्याकडून पुन्हा उभी करावी लागली. म्हणून आज हाती असलेल्या पोथ्यांत 'हीराइसा पाठ', 'रामेश्वरबास', 'परशरामबास' अशा नावांनिशी पाठभेद येतात. पंथात त्यांना 'वासना' म्हणतात. मराठी गद्याच्या या आद्य ग्रंथामागे सांगणाऱ्यांचे आणि ऐकणाऱ्यांचे एक मोठे जाळे उभे आहे.

आमच्या सरांनी आयुष्यातील तीस वर्षे या जाळ्याच्या गाठी मोजण्यात घालविली. साधन एकच, पोस्टकार्डाच्या आकाराची कार्डे. एका कार्डावर एक लीळा. उपस्थित कोण, सांगणारे कोण, त्यांनी कोणाकडून ऐकले. जेथे ग्रंथ बोलत नाही तेथे सर पेन्सिलीने तर्क लिहीत आणि पुढे प्रश्नचिन्ह काढीत. त्यांच्या निधनानंतर काकूंनी ती चार खोकी आमच्याकडे सोपविली. म्हणाल्या, "तुम्हीच भांडलात त्यांच्याशी, आता तुम्हीच सांभाळा."

भांडण खरेच झाले होते. १९९४ साली आम्ही एका त्रैमासिकात लेख लिहिला होता. प्रवासातील एका लीळेला तीन स्वतंत्र साक्षीदार आहेत, सबब ती प्रमाण मानावी, असा आमचा युक्तिवाद होता. सरांना छापील प्रत पाठविली. ती परत आली तेव्हा समासात पेन्सिलीने तीनच शब्द होते : 'तिघे की एकच?' आम्ही तेव्हा तरुण होतो आणि नुकतेच कायम झालो होतो. चार पानी उत्तर धाडले. त्यावर सरांकडून काही आले नाही. नंतर चर्चासत्रांत भेटी होत, पण पाऊसपाण्यापलीकडे बोलणे जात नसे.

खोकी आल्यावर आम्ही प्रथम सर्वांना ठाऊक असलेला मार्ग धरला. एक्सेल उघडले, रकाने आखले : लीळा, सांगणारा, ऐकणारा. पहिली शंभर कार्डे सुखाने गेली. मग एका लीळेचे चार श्रोते निघाले. चार ओळी कराव्यात की चार रकाने? चार रकाने केले तर इतरत्र तीन रिकामे राहतात. शिवाय एके ठिकाणी ऐकणारी व्यक्ती दुसरीकडे सांगणारी असते. 'हिने कोणाकडून ऐकले, आणि त्याने कोणाकडून?' असे विचारायचे तर तेच कोष्टक स्वतःच्याच शेजारी पुन्हा मांडावे लागते, प्रत्येक पिढीला एकदा. आमचा एक जुना विद्यार्थी, जो मराठी एम. ए. अर्धवट सोडून संगणकक्षेत्रात गेला (आणि बरे केले असे आता वाटते), म्हणाला, "सर, याला आम्ही जॉइन म्हणतो. पिढ्या किती हे आधी ठाऊक नसले की पंचाईत होते." कोष्टकांच्या भाषेतही यावर तोड आहे, १९९९ च्या एसक्यूएल प्रमाणकात स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारी क्वेरी आली. पण ती लिहिणे आमच्यासारख्याचे काम नव्हे.

येथे शब्दाची एक गंमत नोंदविल्याशिवाय राहवत नाही. १९७० साली एडगर कॉड यांनी मांडलेल्या पद्धतीला 'रिलेशनल' म्हणतात. आम्हांला वाटे की ती नात्यागोत्यांची पद्धत असणार. पण तेथे 'रिलेशन' हा गणितातला शब्द आहे आणि व्यवहारात त्याचा अर्थ कोष्टक असाच होतो. दोन कोष्टकांमधील नाते त्यात स्वतंत्रपणे साठविलेले नसते; जुळणारा क्रमांक शोधून ते दर वेळी नव्याने जोडावे लागते. विद्यार्थ्याने सुचविलेल्या ग्राफ डेटाबेसमध्ये मात्र नाते हीच साठवणीची वस्तू असते. व्यक्ती म्हणजे एक नोड, आपण गाठ म्हणू. दोन गाठींमधला धागा म्हणजे संबंध. त्या धाग्याला नाव असते, दिशा असते आणि हवी तर स्वतःची माहितीही असते. एका नोंदीवरून दुसरीवर वाट काढीत जाण्याची ही कल्पना तशी नवी नाही. चार्ल्स बाकमन यांनी १९७३ च्या ट्युरिंग व्याख्यानात प्रोग्रामरला वाटाड्याच म्हटले होते.

आम्ही निओफोरजे वापरले. त्याच्या सायफर या भाषेत प्रश्न लिहिताना जवळजवळ चित्रच काढावे लागते. साध्या कंसात व्यक्ती, चौकटी कंसात संबंध, मध्ये बाण : (साक्षी)-[:सांगितले]->(श्रोता). बाणाजवळ एक तारका ठेवली की 'कितीही पिढ्या असोत, वाट काढ' असा अर्थ होतो. २०२४ मध्ये जीक्यूएल नावाने या जातीच्या भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणकही आले. त्यातही बाण आहेतच.

तारकेने आम्हांला पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पाडले. यंत्राने भराभर वाटा काढल्या, त्या पाहून आम्ही हरखलो आणि मग ध्यानात आले की यातल्या पुष्कळ खोट्या आहेत. एकीने दुसरीला एक लीळा सांगितली आणि दुसरीने तिसऱ्याला भलतीच. यंत्राने दोन्ही धागे जोडून साखळी केली. चूक आमची होती. 'सांगितले' हा संबंध दोघांचा नसतो. सांगणारा, ऐकणारा आणि सांगितलेली गोष्ट असा तो तिघांचा असतो. तेव्हा 'कथन' हीच एक गाठ करावी लागली : कोणी केले, कोणी ऐकले, कोणत्या लीळेचे. वर्गात कथनमीमांसा शिकवूनही हे आम्हांला आधी सुचले नाही!

धाग्यांची नावे ठरविण्यात दोन महिने गेले, आणि त्यांचे आम्हांला मुळीच वाईट वाटत नाही. 'उपस्थित होता' आणि 'पाहिले' एकच का? 'ऐकले' आणि 'मुखोद्गत केले'? डोनाल्ड क्नुथ यांनी १९९३ च्या 'द स्टॅनफर्ड ग्राफबेस'मध्ये व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'चा आलेख दिला आहे : जी पात्रे एकत्र येतात त्यांच्यामध्ये २५४ रेषा. संगणकाचे विद्यार्थी आजही त्यावर हात बसवितात. पण त्यात झां वालझां आणि झावेर यांच्यामधली रेषा एवढेच सांगते की ही माणसे अमुक वेळा एकत्र आली. पाठलाग, भय, उपकार यांपैकी काहीच त्या रेषेवर लिहिलेले नाही. क्नुथ यांना ते नकोच होते, त्यांचा हेतू वेगळा होता. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र रेषा अनाम ठेवली तर त्याने काही वाचलेच नाही असे म्हणावे लागेल. उलट टोकाचे उदाहरण २०१६ च्या पनामा पेपर्सचे. सुमारे १ कोटी १५ लाख दस्तऐवजांतून शोधपत्रकारांनी कंपन्या, भागधारक, मध्यस्थ आणि पत्ते यांचे असेच जाळे याच निओफोरजेवर उभे केले. तेथे धाग्याचे नाव, 'भागधारक' की 'संचालक', हाच बातमीचा प्राण होता.

सर्वांत कठीण काम नावांचे निघाले. महदंबा, महादाइसा आणि रूपाइसा ही एकच स्त्री. नागदेव आणि भटोबास एकच. स्वामी त्यांना वानरेश म्हणत. या ज्ञात व्यक्ती झाल्या. ज्यांची नावे दोनचारदाच येतात त्यांचे काय? यंत्राला दोन नावे म्हणजे दोन गाठी. त्या एकत्र कराव्यात हे माणसाने सांगायचे, आणि त्याची जबाबदारीही माणसाचीच.

तीन खोकी भरून झाल्यावर आम्ही तो प्रश्न विचारला. म्हणजे विचारायला आणखी पंधरा दिवस लावले. काहीतरी काम निघत असे. त्या प्रवासाच्या लीळेपासून म्हाइंभटांपर्यंतच्या सर्व वाटा दाखव. पडद्यावर तीन वाटा आल्या, एकमेकींना कोठेही न शिवणाऱ्या. तीन साक्षीदार, स्वतंत्र. खोटे कशाला सांगावे, त्या संध्याकाळी आम्ही सरांशी मनातल्या मनात पुष्कळ बोललो आणि त्यात नम्रता कमीच होती.

चार दिवसांनी दुसऱ्या खोक्यातले एक कार्ड पुन्हा हाती आले. त्यावर एका बाईंचे नाव, खाली बाण, बाणापुढे निराळेच नाव आणि पेन्सिलीने 'हीच ती?' असे दोन शब्द. बाईंचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण त्या प्रश्नचिन्हाचा निकाल अजून लागायचा आहे. ही दोन्ही नावे आमच्या दोन निरनिराळ्या वाटांवर होती. कार्ड भरताना आम्ही ते वाचले होते आणि प्रश्नचिन्ह पाहून पुढे गेलो होतो. सरांच्या इतर तर्कांना, प्रश्नचिन्हांसकट, आम्ही तोवर मान देत आलो होतो. नेमका हाच वगळला होता. आता दोन्ही गाठी वेगळ्या ठेवल्या तर आमचा लेख शाबूत राहत होता, आणि हे तिसऱ्या कोणाला कळण्याचे काही कारणही नव्हते.

गाव, यजमानीण आणि सोबतीची माणसे ताडून पाहिली. सर्व जुळत होते. आम्ही गाठी एक केल्या, धाग्यावर 'सरांचा तर्क, आमची संमती' अशी नोंद ठेवली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. दोन वाटा त्या बाईंपाशी येऊन मिळाल्या आणि पुढे एकच वाट म्हाइंभटांपर्यंत गेली.

ज्या त्रैमासिकात लेख आला होता ते बंद पडून बरीच वर्षे झाली. चूकदुरुस्ती पाठवायची कोठे हा प्रश्नच होता, म्हणून ती येथे नोंदवीत आहोत. काकूंना फोन करून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि "चौथे खोके झाले का?" एवढेच विचारले.

ते अद्याप व्हायचे आहे. तिसऱ्या वाटेवर एक जागा रिकामी आहे. कार्डावर सांगणाऱ्याच्या नावाच्या ठिकाणी सरांनी नुसती आडवी रेघ ओढली आहे. आम्ही तेथे एक अनाम गाठ ठेवली, कारण धागाच काढून टाकला तर कोणी सांगितलेच नाही असा अर्थ झाला असता. त्या गाठीचे नाव चौथ्या खोक्यात सापडण्याचा संभव आहे. सापडले, आणि ते त्याच बाईंचे निघाले, तर आमच्या लेखातला उरलेला साक्षीदारही जाईल. उद्यापासून रोज वीस कार्डे भरायची असे ठरविले आहे.