आसनामागची जागा

गतवर्षी आपल्या वसतिगृहातील मुलांसह मी एस. ई. ५ ए या द्विपंखी विमानाची १:४८ प्रमाणातील प्रतिकृती सिद्ध केली. जुलै १९१८ मध्ये फ्रान्सच्या आकाशात इंद्रलाल रॉय याच प्रकारच्या विमानातून लढले. संचातील वैमानिककक्ष जवळजवळ रिकामाच होता. फळीला लाकडाचा रंग दिला, तीवर टाचणीच्या डोक्याएवढ्या तबकड्या चिकटवल्या. प्रत्यक्षातील पाच सेंटिमीटर रुंदीचा पट्टा येथे जेमतेम एक मिलिमीटरचा. तो चहाच्या पुड्यातील चांदीच्या कागदातून कापला.

पट्टा चिमट्यात धरूनच आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, पॅराशूट कुठे ठेवायचं?"

ते नव्हतेच. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना तेव्हा पॅराशूट दिले जात नसे. दोन आठवड्यांत दहा हवाई विजय मिळवणारे रॉय २२ जुलैला मारले गेले. वय अवघे १९.

पंचवीस वर्षे मी वर्गात दहाचा आकडा अभिमानाने सांगत आलो. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मुलाने आसनामागची जागा मोकळीच ठेवली. आता त्या धड्याच्या वेळी मी प्रतिकृती वर्गात नेतो आणि मुलांना आधी आत डोकावायला सांगतो.