धाकट्या लीगचें मैदान



गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या क्रिकेट-संघाची यादी लागली, त्या सायंकाळीं यादींत नांव नसलेला एक मुलगा व्हरांड्याच्या खांबाआड उभा राहून रडत होता. मीं त्याच्या पाठीवर हात ठेवला. परंतु काय बोलावें तें मला सुचलें नाहीं. त्या वेळीं जें सुचलें नाहीं तें आज एका दूरच्या संघाच्या इतिहासावरून सांगूं पाहतों.

अमेरिकेंत बेसबॉलची एक थोरली लीग असते व तिच्या खालीं धाकट्या लीगांच्या पायऱ्या असतात. थोरल्या संघांचे खेळाडू धाकट्या संघांत तयार होतात. धाकट्या संघाचें दैवच असें कीं, जो खेळाडू उत्तम निघाला तो त्याच्यापाशीं राहत नाहीं. शिक्षकाला हें निराळें समजावून सांगावयास नको.

ऱ्होड आयलंड राज्यांतील पॉटकेट हें गिरण्यांचें गांव. सॅम्युएल स्लेटर याची प्रसिद्ध सूतगिरणी १७९३ सालीं येथेंच उभी राहिली. गांवाचें मॅककॉय मैदान १९४२ सालीं खुलें झालें, आणि १९७३ पासून बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाचा सर्वांत वरच्या पायरीचा धाकटा संघ तेथें खेळूं लागला. चार वर्षांतच तो कर्जांत बुडाला. १९७७ सालीं बेन मॉन्डोर या कापडधंद्यांतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनीं तो हातीं घेतला. त्यांनीं मैदान स्वच्छ केलें, तिकिटांचे दर माफक ठेवले, व मुलाबाळांसह येतां येईल असें तें स्थळ केलें. पहिल्या हंगामांत सुमारें ७० हजार प्रेक्षक आले होते. २००५ सालीं ती संख्या ६ लाख ८८ हजारांवर गेली.

पण या संघाचें नांव अजरामर झालें तें एका सामन्यानें. १८ एप्रिल १९८१, ईस्टरच्या आदल्या शनिवारची रात्र. प्रतिपक्ष रॉचेस्टरचा. बेसबॉलचे डाव नऊ. बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत खेळत राहावयाचें. नवव्या डावाअखेर १-१, एकविसाव्या डावाअखेर २-२! ठराविक वेळीं खेळ थांबविण्याचा नियम होता. परंतु पंचांजवळील पुस्तिकेंत तो छापावयाचा राहिला होता. थंडी इतकी कीं, खेळाडूंनीं मोडक्या बॅटी जाळून हात शेकले. अखेर लीगच्या अध्यक्षांशीं टेलिफोनवर बोलणें होऊन पहांटे ४ वाजून ७ मिनिटांनीं, बत्तीस डावांनंतर, खेळ थांबला. तिकिटें १,७४० खपलीं होतीं; ईस्टरच्या त्या पहांटे मैदानांत १९ प्रेक्षक उरले होते.

उरलेला खेळ २३ जूनला झाला, आणि अवघ्या १८ मिनिटांत संपला. तेहतिसाव्या डावांत पॉटकेटच्या डेव्ह कोझानें फटका मारला, मार्टी बॅरेट धांव पुरी करून आला, व पॉटकेट ३-२ नें विजयी झालें.

त्या सामन्यांत पॉटकेटकडून वेड बॉग्ज व रॉचेस्टरकडून कॅल रिपकेन खेळले. दोघेही पुढें थोरल्या लीगमध्यें गाजले, आणि २००५ व २००७ सालीं बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्यांची स्थापना झाली. कोझाला मात्र थोरल्या लीगमध्यें एक दिवसही खेळावयास मिळालें नाहीं. मुलांनो, मी तुम्हांला खोटें समाधान देत नाहीं. यादींत नांव नसणें हें दुःखच होय, आणि कोझालाही तें झालेंच असेल. परंतु बेसबॉलच्या धंदेवाईक इतिहासांतील सर्वांत लांब सामना ज्या फटक्यानें संपला तो बॉग्जचा नव्हे, रिपकेनचाही नव्हे. तो कोझाचा होता. वरची पायरी मिळाली नाहीं म्हणून तो फटका तसूभरही लहान होत नाहीं.

आणि पालकहो, त्या एकोणीस जणांचें स्मरण ठेवा. ते उद्यांचे नामांकित पुरुष पाहावयास बसले नव्हते. कोण नामांकित होणार हें त्या रात्रीं कोणास ठाऊक होतें? आपल्या गांवाचीं मुलें खेळत आहेत, एवढ्यासाठींच ते थंडींत बसले. आपल्या मुलाचें नांव यादींत असो वा नसो, त्याच्यासाठीं असें बसणारें माणूस घरीं असावें.

पॉटकेटचा संघ आतां तेथें नाहीं. २०२० चा हंगाम कोविडच्या सांथीमुळें झालाच नाहीं, व २०२१ पासून संघ वूस्टर शहरीं गेला. २०२२ सालीं गांवकऱ्यांनीं मतदान करून मैदानाच्या जागीं हायस्कूल बांधण्यास संमति दिली, आणि २०२५ सालीं तें जुनें मैदान पाडण्यांत आलें. मला हें वाचून प्रथम वाईट वाटलें. मग वाटलें, जागा योग्य हातीं गेली. तेथें पुन्हां मुलें तयार होतील, कांहीं फार दूर जातील, कांहीं गांवींच राहतील, आणि दोघांचीही कोणी तरी वाट पाहील.

खांबाआडचा तो मुलगा यंदाही रोज सरावास येतो. त्याला मीं अजून कांहीं सांगितलेलें नाहीं. परंतु सायंकाळीं मीही मैदानाच्या कडेला बसूं लागलों आहें.